बंड्या अजून आत आहे

बसा, बसा. उभं राहायचं शेवटी आहे.

तुम्ही रिचमंड हिलहून, स्कारबरोहून केशवरावांसाठी एवढ्या लांब आलात, या बेसमेंटमध्ये दाटीवाटीनं बसलात. बरं वाटलं. मघाशी तिघांनी कागद वाचून दाखवले. छान होते. माझ्याकडे कागद नाही, माझी शाळा चौथीत सुटली. आणि आज बोलायला जड जातंय ते नुसतं केशवराव गेले म्हणून नाही. खोटं कशाला बोलू? माझा अर्धा जीव या भिंतीपलीकडे अडकलाय.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. केशवराव माझे व्याही. माझी लेक त्यांच्या निखिलरावांना दिलेली. सहा वर्षं आम्ही सगळे याच घरात. आणि केशवरावांचा कुत्रा, बंड्या, आज सकाळी आठला मागच्या दारच्या लाकडी ओट्याखालच्या, डेकखालच्या, बिळात शिरला. तो अजून बाहेर आलेला नाही.

बीळ ग्राउंडहॉगचं. घुशीच्या चौपट जनावर, आणि दात विळ्यासारखे. काल दिवसभर पाऊस झालाय, माती ओली आहे. सभा पुढे ढकला म्हटलं, तर तुम्ही निम्म्या रस्त्यात होतात.

तुम्ही म्हणाल, शोकसभेत कुत्र्याचं काय? अहो, केशवरावांबद्दल बोलायचं आणि बंड्याला वगळायचं, ते कसं जमणार?

तो आणला तेव्हा मी विचारलं होतं, "हे काय आणलंत? दाढी न केलेल्या म्हाताऱ्यासारखं तोंड आहे याचं."

म्हणाले, "विहीणबाई, हा बॉर्डर टेरियर. इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमेवर डोंगर आहेत, तिथला. कोल्हे मेंढ्यांची कोकरं पळवायचे, म्हणून मेंढपाळांनी ही जात तयार केली. मोठे कुत्रे कोल्ह्यामागे धावायचे. कोल्हा बिळात शिरला की मोठे बाहेर बसून नुसते भुंकणार. मग याची पाळी."

"म्हणजे मोठे मिरवणार आणि हा राबणार."

"अगदी तसंच!" म्हणाले, आणि इतके हसले की चहा सांडला. पुसला मी.

मग बंड्याला धरून दाखवलं. पुढच्या पायांमागे, छातीभोवती, दोन्ही हातांचा वेढा घालायचा. अंगठे वर, बोटं खाली. बोटांना बोटं टेकली तर कुत्रा बरोबर. "पाय एवढे लांब की घोड्यामागे धावता यावं, आणि छाती एवढी अरुंद की कोल्ह्याच्या बिळात जाता यावं. जाता यावं, विहीणबाई, आणि परत वळता यावं."

दर रविवारी मोजायचे. मी म्हणायचे, "सोनार बांगडीचं माप घेतो तसं चाललंय तुमचं."

हट्टी कुत्रा. हाक मारली तर मान वळवून बघणार आणि मग स्वतःला वाटेल ते करणार. मी चिडायचे. केशवराव म्हणायचे, "जमिनीखाली मालकाचा हुकूम पोचत नाही. तिथं त्याचं त्यालाच ठरवावं लागतं. म्हणून त्याला स्वतःचं डोकं दिलंय." दुखलं तरी सांगणार नाही. एकदा नाक फाटून आला, शेपूट हलवत. केशवरावही तसेच. पोटात दुखतंय हे चार महिने कोणाला बोलले नाहीत. मालक आणि कुत्रा, दोघांनाही ओरडा मिळाला माझा. उपयोग शून्य.

हॉस्पिटलात मला म्हणाले, "बंड्याला जास्त घालू नका. दोन हातांत मावला पाहिजे." मी म्हटलं, "बरं."

आणि मी घातलं.

काय करू? केशवराव गेले त्या दिवसापासून तो त्यांच्या बुटांपाशी बसला. त्याच्या त्या कोरड्या खाण्याला शिवेना. मला रडारड आवडत नाही, माणसाची नाही आणि कुत्र्याची नाही. मी तूप लावून पोळी दिली. खाल्ली. मग रोज दिली. दोन्ही वेळ. काल उगाच वेढा घालून पाहिला, तर दोन बोटांचं अंतर राहिलं. म्हटलं, माझे हातच लहान.

आत तर गेला. पण वळता येतंय का त्याला?

सकाळपासून आम्ही सगळे बिळाच्या तोंडाशी ओरडतोय. "बंड्या ये, बंड्या ये." निखिलरावांनी दोन ठिकाणी खणलं, नुसते दगड निघाले. अंदाजानं आणखी खणलं तर माती त्याच्याच अंगावर बसायची. दहापर्यंत भुंकणं येत होतं. मग तुमच्या गाड्या आल्या, खुर्च्या आल्या, डेकवर पाय वाजायला लागले. तो गप्प झाला की आम्हालाच ऐकू येईना, कोण जाणे.

आणि आत्ता, तिसरा कागद वाचणं चालू असताना, मला केशवरावांचं आठवलं. "कुत्रा आत असताना वरून ओरडायचं नसतं, विहीणबाई. त्याला वाटतं, मालक म्हणतोय, आणखी पुढे जा. जुनी माणसं गप्प बसायची. जमिनीला कान लावायची. आवाज येईल तिथंच खणायची."

सहा वर्षं त्यांच्या सांगण्याला मी नुसतं हूं हूं केलं. चूक माझी. आणि पोळीही माझी.

बीळ या भिंतीच्या कडेनं जातं. तेव्हा आता मला तुमच्याकडून दोन मिनिटं हवी आहेत. केशवरावांसाठी हवीत, ती तर तुम्ही देणारच होतात. पण खरी द्या. फोन बंद. खोकला असेल त्यानं वर जावं. डेकवर कोणी उभं असेल त्याला खाली बोलवा, हळू. निखिलराव, घर तापवणारा तो फर्नेस बंद करा, घरघरतोय. वरचा फ्रिजसुद्धा. भिंतीजवळच्यांनी भिंतीला कान लावा. लाजू नका.

कोणाला काही ऐकू आलं तर बोलायचं नाही. नुसता हात वर करायचा. गराजमध्ये फावडी तयार आहेत.

केशवराव, नमस्कार करते. तुमचं ऐकते आहे. उशिरा, पण ऐकते आहे.

उठा सगळे. गप्प.