उंचावरची पळी

माझं माहेर उदगीरकडचं, जुन्या निजामाच्या मुलखातलं, घरची शेती, वडलांना गावात मान, आणि चार भावांत मी एकटी पोर म्हणून लाडानं पार वाया गेलेली. अठराव्या वर्षी लग्न होऊन हैदराबादला आले. नवऱ्याचं सुलतान बाजारात कापडाचं दुकान, घर हेच, नल्लकुंट्याचं, तेव्हा बैठं होतं, आता चार मजले चढलेत, खाली भाडेकरू आणि वर मी. तुम्ही पुण्याच्या, आमची मराठी ऐकून तुम्हाला हसू येत असेल, हसा की, फक्त लिहून घेताना ती दुरुस्त करू नका. मी होला हौ म्हणलं तर हौच लिहा.

तर तेव्हाची मी. काय सांगू तुम्हाला, आज ती पोरगी दारात येऊन उभी राहिली तर मी तिला पाणीसुद्धा विचारणार नाही, इतकी आगाऊ, आणि वर समजूत अशी की आपण फार दयाळू. माहेरी अंगणात बाया यायच्या, आई त्यांना भाकरी द्यायची ती वरून सोडायची, पदरात पडली तर पडली, मातीत पडली तर त्या उचलून झटकून घ्यायच्या, पाणी ओंजळीत ओतायची तेही वरूनच, लांब धार धरून. हे बघत मी मोठी झाले आणि मला काय दिसलं, तर आईची माया. भाकरी दिसायची, हात किती वर आहे ते दिसत नव्हतं. सासरी आल्यावर शेजारणींचं सोवळं बघून मी नाक मुरडायची, म्हणायची आम्ही शेतीवाले, आम्ही रविवारी मटण खाणारे, आमच्यात असलं काही नाही. नाही म्हणे! आणि पुढं माझ्याच न्हाणीघराच्या खिडकीत बिनकानाचा एक कप पालथा घातलेला, लक्ष्मम्माचा.

लक्ष्मम्मा म्हणजे आमचा जिना झाडायला-धुवायला येते ती. अफझलगंजच्या मागं, मूसी नदीच्या काठाला तिची बस्ती, पहाटेची बस धरून येते. तेलुगू बाई, पण माझ्याशी दखनीत, इथल्या उर्दूत बोलते, कारण माझं तेलुगू ऐकलं की तिला पोट धरून हसावं लागतं. बावीस वर्षं ती येते आणि बावीस वर्षं तो कप त्या खिडकीत. पगार वाढवा अम्मा म्हणाली की मी रात्रीची भाजी डब्यात घालून द्यायची, वर एखादी जुनी साडी. झाली माझी माया. पगाराचा विषय तिथंच बुडायचा, भाजीत.

म्हातारपणी मी महिला मंडळाची अध्यक्षीण झाले. हळदीकुंकवाचा कंटाळा आला होता, म्हणलं काहीतरी खरं काम करू, भुकेल्यांना जेवू घालू. लक्ष्मम्मानंच बस्तीत एक रिकामी खोली दाखवली. दुपारी तिथं खिचडी न्यायची, कांदा नाही, लसूण नाही, मिरची नावाला. घरी आम्ही मटणाच्या नळ्या चोखणार आणि गरिबाला मात्र पवित्र अन्न. भिंतीवर मी माझ्या सुंदर अक्षरात पाटी लावली, रांगेत उभे राहा, नाव-आडनाव सांगा, ताट धुऊन बाहेर ठेवा. मराठीत. सगळी बस्ती तेलुगू आणि पाटी मराठीत, आणि मीच संध्याकाळी म्हणायची, या लोकांना शिस्त नाही. वाढायला म्हणून दुकानाशेजारच्या भांडेवाल्याकडून लांब दांड्याची पळी आणली, ती ताटाला लागायची नाही, वीतभर वरूनच खिचडी सोडायची. आणि आम्ही आमचं जेवण? घरून डबे. वाढून झालं की खोलीचं दार लावून खायचो.

पहिल्या आठवड्यात खोली भरली, मग अर्धी, मग म्हातारे तीन-चार आणि एक कुत्रं. आमच्या मंडळाच्या सचिव विमलताई म्हणाल्या, यांना भूक नाहीच हो, फुकटचं मिळतं म्हणून माजलेत. मी मान डोलावली. डोलावली ना! खोटं कशाला सांगू.

आणि एक दिवस लक्ष्मम्मा माझ्याच जिन्यात पडली. तिसऱ्या मजल्यावर, बादली लवंडलेली, फिनेलचा वास, आणि ही पायरीवर पांढरीफटक. डॉक्टरला जिन्यातच बोलावलं, तो म्हणाला, आजार नाही, पोटात अन्न नाही, असंच चाललं तर पुढच्या वेळी जिन्यावरून खालीच जाईल ही. मी तिच्यावर उखडले. अगं तुझ्या बस्तीत, तुझ्या घरापासून दहा पावलांवर मी रोज पातेलंभर खिचडी नेते आणि तू उपाशी मरतेस, लोक मला काय म्हणतील? बघा, लोक मला काय म्हणतील ही माझी काळजी. रेशनचे तांदूळ कुठं जातात, विचारलं. तिनं हात पुढं केला. बोटं गुळगुळीत. मशीनवर अंगठा लावला तर मशीन म्हणतं ही बाई कोण, ठसा उमटतच नाही, किती महिने झाले. ठसे कशानं झिजले ते तिनं सांगितलं नाही, तिची ती लवंडलेली बादली तिथंच होती. मग खिचडी का खात नाहीस, म्हणलं. ती उठून बसली, पदर नीट केला आणि म्हणाली, अम्मा, भूके तो घर में भी रहते जी, उसके वास्ते उधर कायकू आना? मला काही कळलं नाही. मी म्हणलं तुझं डोकं फिरलंय, आणि तिच्या हातात बिस्किटाचा पुडा ठेवला. ठेवला कुठला, वरून सोडला.

तेवढ्यात आमचे तांदूळ संपले. तांदूळ देणारी एक संस्था होती, त्यांची अट अशी की आधी मंडळातल्या सगळ्यांनी दोन दिवस वर्गाला बसायचं, विषय भूक आणि भेदभाव. मी फोनवर खूप भांडले, भूक कळते हो, त्यात भेदभाव कशाला घुसवता, पोती टाका आणि जा, खालीपिली परेशान का करता. नाही म्हणजे नाही. शेवटी माझ्याच गच्चीवर वर्ग भरला, आणि पंच्याहत्तरीच्या मला शाळेतल्या नापास पोरीसारखं सतरंजीवर बसवलं. शिकवायला आलेली पोरगी माझ्या नातीच्या वयाची. तिनं अमेरिकेचा एक सिनेमा दाखवला, काळ्या लोकांना पाण्याचा नळ वेगळा, बसायची जागा वेगळी, हॉटेलात मागच्या दारानं जेवण. आम्ही बायका इतक्या हळहळलो म्हणून सांगू, विमलताईंनी तर डोळे पुसले, म्हणाल्या, गोरे मेले किती दुष्ट, माणसाला माणूस समजत नाहीत. मी म्हणलं, नरकात जातील.

मग चहा आला. सगळ्यांना स्टीलचे पेले. लक्ष्मम्मा मागं भिंतीला टेकून झाडू घेऊन उभी होती, तिनंही सगळा सिनेमा पाहिलेला. मी माझ्या हातानं, प्रेमानं हो, खाली जाऊन खिडकीतला तो बिनकानाचा कप आणला आणि त्यात तिला चहा ओतला. वर्गाच्या पोरीनं विचारलं, आजी, हा कप वेगळा का? मी म्हणलं, तिचाच आहे तो, तिला सवय आहे. तर लक्ष्मम्मा कप उंच धरून म्हणाली, ये अमरीका का कप है बेटा.

सगळ्या हसल्या. हसून झाल्यावर एकेकीनं आपल्या हातातल्या पेल्याकडं पाहिलं, आणि माझे कान असे तापले की बस.

त्या दिवशी मी रागानं जेवले नाही. एक वेळचं जेवण चुकलं तर डोकं उठलं, हातपाय कापायला लागले, आणि मग कुठं आठवलं की ती किती दिवस अशी जिना चढत होती. सकाळी तिला गाठलं, म्हणलं बावीस वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून बसलीस आणि काल चारचौघींत माझी इज्जत काढलीस? ती म्हणाली, बावीस वर्षं कुणी विचारलंच नव्हतं, काल त्या पोरीनं विचारलं. आणि माझं शहाणपण बघा, मी दुपारी बाजारात जाऊन नवा कप आणला, कानवाला, गुलाबी फुलांचा, खास तिच्यासाठी. तिनं तो फिरवून फिरवून पाहिला. अच्छा है अम्मा, म्हणाली, पन ये भी अलगच है ना. मी डोक्याला हात लावला. शिकायचं तरी किती!

मग मी तिला जिन्यात बसवलं, शेजारी मी बसले, गुडघे ओरडत होते, आणि विचारलं, तू कशानं येशील जेवायला ते सांग. तिनं सांगितलं. स्वयंपाक बस्तीतल्या बायका करतील, पगार घेऊन, भाजी घेऊन नव्हे. आडनाव कुणाला विचारायचं नाही, ते विचारलं की लोक समजतात कुठल्या तराजूत घातलं. आणि तुम्ही लोकांनी डबे आणायचे नाहीत, तिथंच बसून तेच खायचं. त्या लांब पळीचं काय करायचं, मी विचारलं. ती हसली, म्हणाली ती माझ्यासाठी ठेवा.

मंडळात आग लागली. विमलताई म्हणाल्या, आपण सेवेला जातो, पंगतीला नाही. मी म्हणलं, विमलताई, तुम्ही परवा कुणासाठी रडलात हो? अर्ध्या बायका सोडून गेल्या. जाऊ द्यात, त्यांच्यावर काय चिडू, वर्षभरापूर्वी मीच सगळ्यात पुढं असते. आणि सगळं सरळ झालं असंही लिहू नका. रेशनचं मशीन अजून तिला ओळखत नाही, मी तिच्याबरोबर तीनदा जाऊन भांडले, तिथला माणूस म्हणतो पुढच्या महिन्यात या. बँकेत माझा अंगठा पहिल्या झटक्यात लागतो. लागणारच, मी कधी जिना धुतलाय? आणि हात तर असा नालायक, अजूनही वाढायला बसले की आपोआप वर जातो, मीच दुसऱ्या हातानं तो खाली ओढते.

पण खोली भरते आता. पाटी काढली. चिंचेच्या कोवळ्या पाल्याची डाळ असते, ठसका लागेल अशी, रविवारी सुकट. परवा मी पंगतीत मांडी घालून बसले, वाढायला लक्ष्मम्मा. तिनं ती लांब दांड्याची पळी घेतली, पार डोक्याच्या वर नेली आणि तिथून माझ्या ताटात डाळ सोडली. ताटात थोडी, साडीवर जास्त. मी ओरडले, अगं खाली घे की! ती तशीच हात वर धरून म्हणाली, अब समझा अम्मा? सगळी खोली हसून लोळायची बाकी राहिली, मीही हसले, आणि डोळ्यांत पाणी आलं ते मिरचीनं आलं असं सगळ्यांना सांगितलं. मग तिनं पळी खाली आणली, ताटाला लागून ठण्ण वाजेपर्यंत खाली, दुसऱ्यांदा वाढलं, आणि स्वतःचं ताट भरून माझ्या मांडीला मांडी लावून जेवायला बसली. दोनदा भात घेतला तिनं. मी मोजत नव्हते, बघत होते.

साडीवरचे डाग निघत नाहीत, डाळीतल्या हळदीचे आहेत. राहू देत. देव तिचं ताट असंच भरलेलं ठेवो आणि जीभही अशीच तिखट ठेवो. चला, आता वही मिटा आणि उठा, चहा घेऊ. कप कुठलाही घ्या, सगळे एकाच फळीवर आहेत.