काटा वर

...आणि वर लोक मलाच विचारतात, की अहो, भर उन्हाळ्यात गाडीत हीटर कशाला? कशाला म्हणजे? हौस आहे का मला? तुम्हाला सांगतो, चार महिने, अंगाची लाही लाही होत असताना मी हीटर लावून फिरलोय, फुल्ल, पायांवर गरम झोत, घाम कपाळावरून नाकावर, नाकावरून स्टिअरिंगवर, कारण इंजिनाची उष्णता कुठेतरी जायला पाहिजे ना, बाहेर जात नव्हती, म्हणून आत घेतली. एवढं करून समोर तापमानाच्या काट्याकडे बघावं तर... काटा वर.

सुरुवातीपासून सांगतो. गाडी माझी जुनी, छोटी, पण जीव लावलेली. लग्नानंतर आम्ही दोघांनी मिळून घेतलेली पहिली मोठी वस्तू. बायको गाडी चालवायला हिच्यावरच शिकली, मागच्या दारावर खांबाचा पोचा आहे तो तिचाच, मी अजून काढलेला नाही. तर या गाडीला मी टर्बो बसवला. टर्बो म्हणजे काय, इंजिनाच्या तोंडात हवा कोंबणारं यंत्र, पोट भरलेल्या पाहुण्याला आग्रह करकरून वाढावं तसं. ताकद वाढली, अशी वाढली की विचारू नका! पण उष्णताही वाढते, हे काही आमचे डॉक्टर बोलले नाहीत. डॉक्टर म्हणजे मिस्त्री हो. इंजिनाला स्क्रू ड्रायव्हर टेकवून दुसरं टोक कानाला लावतात आणि डोळे मिटतात, म्हणून सगळे त्यांना डॉक्टर म्हणतात.

डॉक्टर म्हणाले, "साहेब, रेडिएटर लहान पडतोय." मोठा आणला. मोठा म्हणजे इतका जाड की त्याच्या मागे पंख्याला जागाच उरेना. "हात्तिच्या, पंखा पुढे घेऊ की." पंखा काढला, फिरवून उलटा केला, रेडिएटरच्या पुढे चिकटवला. सपाट रस्त्यावर वेगात गाडी झकास. जरा चढ आला, वेग कमी झाला, की काटा वर.

"थर्मोस्टॅट बदला." बदलला. काटा वर. "बॉनेटखाली गरम हवा कोंडतेय, बॉनेट मागून दोन बोटं उचलू." उचललं. आता काटा तर वरच, पण प्रत्येक सिग्नलला कुणीतरी काच वाजवतोय, "काका, बॉनेट उघडं आहे." "ते तसंच असतं." "नाही हो, खरंच उघडं आहे." एकदा तर वाहतूक पोलिसानं गाडी बाजूला घ्यायला लावली आणि स्वतःच्या हातानं बॉनेट दाबून दाबून बघितलं, शेवटी म्हणाला, "कुणाला तरी दाखवा हो." कुणाला दाखवू? ज्यांना दाखवायचं त्यांनीच केलंय!

बरं, मी काय अगदीच अडाणी नाही. मी डॉक्टरांना विचारलं होतं, पंखा चालतो ना नीट? तर त्यांनी मला गाडीपुढे उभं केलं. "हात धरा जाळीसमोर. काय लागतंय?" म्हटलं, गरम हवा. "किती गरम?" म्हटलं, भट्टीसारखी. "मग? अजून काय पाहिजे? पंखा एकदम टॉप काम करतोय." आणि आम्ही दोघं शहाणे तिथे हात पसरून ती गरम हवा घेत उभे. हे लक्षात ठेवा.

मग झालं काय, माझ्या मेव्हणीनं वर डोंगरात घर घेतलं. रविवारी जायचं, मी, बायको आणि सासूबाई. सासूबाईंबद्दल एकच सांगतो. अकरा वर्षांपूर्वी मी त्यांच्या स्वयंपाकघरात धूर बाहेर टाकायचा पंखा बसवला होता, स्वतःच्या हातानं, मोठ्या उत्साहात, आणि तो आपला बाहेरची धूळ ओढून ओट्यावर टाकायला लागला. उलटा बसला होता. त्यांनी स्टुलावर चढून सुरीनं स्क्रू काढून तो सरळ केला. तेव्हापासून कुठल्याही लग्नात, बारशात, दवाखान्यात, त्या माझी ओळख करून देतात, "हे आमचे जावई, पंखा बसवतात."

निघताना बायको म्हणाली, "हे बघा, आज आईसमोर सांगते. गाडी न थांबता वरपर्यंत गेली तर ठेवा. मधे थांबली तर विकायची." मी म्हटलं, चालेल. तोंडानं म्हटलं हो. मनात नाही. मला नव्हती विकायची ती गाडी.

चढ सुरू झाला. हीटर फुल्ल. मागे सासूबाई रुमालानं मान पुसतायत, शेजारी बायको घामानं निथळतेय, पण तिच्या चेहऱ्यावर समाधान, कारण तिची नजर काट्यावर, आणि तो चढणारच याची तिला खात्री. अर्धा चढ, काटा मधे. पाऊण चढ... काटा जरा हलला. मी पुटपुटतोय, "चल बाई, एवढं एक वळण." आणि त्या वळणावर, तुम्हाला सांगतो, काटा वर! लाल पट्टीत! बॉनेटमधून वाफ! थांबलो.

बायकोनं आईकडे बघितलं. तेच वाईट. मी खाली उतरून त्या खांबाच्या पोच्यावरून हात फिरवत उभा. इंजिन चालूच ठेवलं, टर्बोची गाडी तापल्यावर लगेच बंद करायची नसते, अशी डॉक्टरांची ताकीद. पंखा घरघर घरघर चाललाय. सासूबाईंनी घामानं भिजलेला रुमाल बाटलीच्या पाण्यानं धुतला आणि वाळायला लावला पुढच्या जाळीवर. रुमाल उडाला. थेट रस्त्यात. वारा? पान हलत नव्हतं. त्यांनी पुन्हा लावला, पुन्हा उडाला. मग त्यांनी रुमालाची दोन टोकं धरून जाळीसमोर धरला, तर तो फुगला, त्यांच्या अंगाकडे. त्यांनी रुमाल पिळून खांद्यावर टाकला. मग अगदी गोड आवाजात, "जावईबापू... हवा आत जायला हवी ना हो?"

मी डॉक्टरांना फोन लावला. म्हटलं, आपण पंखा उलटा केला ना पुढे घेताना? "केला." मग तारांची अदलाबदल केली का, तो उलटा फिरावा म्हणून? तर म्हणतात कसे, "साहेब, हे ओळखलं कुणी?" म्हटलं, सासूबाईंनी. "मग त्यांनाच फोन द्या."

गाडी थंड झाल्यावर सासूबाईंनी, डॉक्टर फोनवर सांगतील तसं, केसातल्या पिनेनं पंख्याच्या प्लगमधल्या दोन तारा काढून इकडच्या तिकडे केल्या. बस. दोन तारा! चार महिन्यांचा घाम! हीटर बंद करून उरलेला चढ चढलो, काटा मधे, असा मधे की मी दोनदा टिचकी मारून बघितली, अडकला तर नाही ना.

पण अट म्हणजे अट. बायको म्हणाली, "थांबली की नाही? विकायची." मी मान खाली घातली. तेवढ्यात सासूबाई लेकीला म्हणाल्या, "मग मला विक." आईला नाही कोण म्हणणार? विकली. आता गाडी त्यांची, ड्रायव्हर मी. दर रविवारी त्या पुढे बसतात, नजर काट्यावर. "मधेच आहे की हो. मग रडत काय चालवताय, दाबा!"

काल डॉक्टरांकडून फोन आला, मला नाही, सासूबाईंना. त्यांनीच विचारलं होतं म्हणे, याहून मोठा टर्बो बसतो का? डॉक्टर म्हणाले, बसतो. मी म्हटलं, आई, अहो, पुन्हा काटा...

तर म्हणाल्या, "त्याचं मी बघते. तुम्ही फक्त पंख्याला हात लावू नका."