तारवाला स्पीकर

वणीच्या दुकानात मिक्सर दुरुस्त होईपर्यंत मी बाकावर बसलो होतो. काउंटरपाशी बहीण-भाऊ उभे होते. भाऊ पुण्याहून आलेला. मुकुटबनला एकट्या राहणाऱ्या आईच्या टीव्हीसाठी त्यांना स्पीकर हवा होता.

"ताई, डिजिटलच घेऊ. ब्लूटूथवर चालते, तारेची कटकट नाही."

"नको, गजू. साधा तारवालाच घे."

"जुनाट वस्तू कायले घेते?"

"बिनतारेचा आवाज मागून येते. टीव्हीतल्या माणसाचे ओठ आधी हालतात."

"एवढंसं कोणाले समजते?"

"मायले. ती ओठ पाहूनच समजते. तिले नीट ऐकू येत नाही आता."

"काहीही नको सांगू! मी रोज फोन करतो तिले."

"मंग काय म्हणते ती?"

"'हो बाप्पा,' म्हणते."

"ऐकू नाही आलं की तेच म्हणते."

"मले सांगतलं काहून नाही?"

"तिनं शपथ घातली होती. गजू घाबरते म्हणे."

भावानं फोन बाहेर काढला, पुन्हा खिशात ठेवला.

"गजू, काय झालं?"

"मागच्या आठवड्यात मी तिले फोनवर इचारलं, मुकुटबनचं घर विकू का?"

"मंग?"

"'हो बाप्पा,' म्हणाली."

"अन् तू?"

"गिऱ्हाइकाले शब्द देऊन टाकला."

दुकानदार दोन्ही खोकी धरून उभाच होता.

"दादा, तारवाला द्या. ताई, चाल. त्या गिऱ्हाइकाले मी वाटेतूनच फोन करून थांबवतो. मायले समोर बसून इचारतो."

"हळू बोलजो. अन् तोंड तिच्याकडं ठेवजो."