पाहुण्यासाठी झाडलेलं वावर

हॅलो? …हाव, बोल सपना. …गेले वं पाहुणे, आताच गाडी वळली. मी अजून वावरातच आहो, संत्र्याखाली बसली जराशी.

…नाई, हो बी नाई अन् नाई बी नाई. आठ दिवसानं कळवतो म्हणले पोरीचे बाबा, प्रभाकरराव. …मले का माहीत? स्थळ तं तूच आणलं, तुह्या पिपरी मेघ्यातले लोक, तूच सांग आठ दिवसाचा मतलब. …हाव, पहिल्या दोन स्थळांनीबी असंच म्हणलं होतं. पोरगा चांगला, घर चांगलं, पण शेतीच करते. माह्या धनंजयले तोंडपाठ झालं आता.

…अवं ऐक तं. पोरीची साडी-बिडी मंग सांगतो. पहिले तुह्या भाऊजीचा प्रताप ऐक.

…काल. पोरगा अंडे घेऊन वर्ध्याले गेलता. तवा याइनं दोन बाया लावल्या अन् झाडाखालचा सारा पाला, सारं गवत खराट्यानं झाडून काढलं. चार ओळी लख्ख. अन् तो पाला धुऱ्याच्या बांधावर नेऊन पेटवून देल्ला. …काऊन म्हणजे? पाहुणे वावर पाहायले येणार होते ना. …तेच तं. आपल्याकडं ज्याच्या वावरात गवताची काडी दिसत नाई तोच खरा कास्तकार. शेजारचा नत्थूजी पाच वर्षांपासून याइले म्हणून राह्यला, रूपरावच्या वावरात वाघ बसला तरी दिसणार नाई. ते बोलणं याइले लागलं होतं. पाहुण्यासमोर इज्जत राहावी म्हणून केलं बिचाऱ्यानं.

…भांडण? नाई. तेच तं वाईट वाटलं. धनंजय आला, त्या चार ओळीतून एकदा फिरला, अन् जेवला नाई. पाच वर्षं जपला तो पाला त्यानं.

…सांगतो ना, दम धर. आले, चहा झाला. हे त्याइले घेऊन सरळ साफ ओळीकडं. प्रभाकरराव खूश, कसं चकाचक ठेवलं म्हणे. याइची छाती फुगली. अन् धनंजय म्हणे, काका, जरा चप्पल काढून उभे राहा इथं. …हाव, खरंच. चैताचं ऊन, माती तव्यासारखी. ते टुणकन बाजूले झाले. मंग बाजूच्या ओळीत नेलं, पाल्यावर उभं केलं, हात घालून पाहा म्हणे खाली. त्याइनं घातला. ओली माती, थंडगार, अन् हाताले गांडुळं.

…मंग पोरगा म्हणे, "ह्या चार ओळी माह्या बाबानं तुमच्या मानासाठी झाडल्या. बाकीचं वावर बारा महिने असंच राहते. तुम्हाले कचरा वाटत असन तं आताच सांगा."

…मी? म्हणलं गेलं हेबी स्थळ. पण सपना, खरं सांगतो, त्या घडीले मले पोराचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा तो बीएस्सी झाला तवाबी नाई वाटला. बापाले लहान नाई केलं, अन् खोटंबी नाई बोलला.

…सारंच दाखवलं. संत्र्यामधले पेरू, धुऱ्यानं सीताफळं, खालून कोंबड्या, तिकडं मधमाशाच्या पेट्या. प्रभाकररावनं विहिरीतलं पाणी वाकून पाहिलं, लय वेळ पाहिलं. त्याइचंबी वावर हाये ना सेलूकडं, दुसऱ्याले मक्त्यानं कसायले देल्लेलं. तिथली विहीर होळीलेच आटली म्हणे. …हाव, आपलीबी आटेच ना पहिले. संत्र्याले टँकर सांगत होतो, आठवते?

…पैशाचं? इचारलं ना, बाप हाये पोरीचा. मीच सांगतलं. म्हणलं, पहिले अर्ध्यात संत्रा अन् अर्ध्यात कापसाची पराटी, दिवाळीले जे हाती पडे ते सालभर पुरवा. बहार गळाला, बोंडअळी आली, का साल गेलं. आता संत्रा गळाला तं पेरू हाये, पेरूले भाव नसला तं दर बुधवारी अंडे जातेच. तिजोरी नाई भरली, पण कुणासमोर हात नाई पसरला.

…अंकिता? पोरगी कमी बोलते वं. एकच इचारलं तिनं, फवारे किती मारता? नर्स हाये ती, तिच्या दवाखान्यात फवारणीचं विष चढलेले पेशंट येते ना, तिनंच सलाईन लावले हाये त्याइले. धनंजय म्हणे, पराटी होती तवा आठ-दहा, आता निंबोळीचा अर्क, अन् लागलंच तं एखादा. ती पेट्याजवळ जाऊन उभी राह्यली, माशा पाहत.

…नाई वं, नोकरीचं नको सांगू त्याइले. ऐक माह्य. पोरगा कंपनीत लागणार हाये, असं तोंडातूनबी काढू नको. नाई म्हणतीन तं म्हणो. नोकरी भेटली नाई म्हणून नाई धरली त्यानं शेती.

…थांब. एक मिनिट थांब, याइचा फोन वाजून राह्यला. …प्रभाकररावच हाये वाटते, हे उभे झाले. …काही समजत नाई, नुसतं हाव-हाव करून राह्यले. …सेवाग्रामच्या चौकात गाडी बाजूले लावून बोलून राह्यले म्हणते. …अवं गप्प, ऐकू दे मले.

…सपना. हाव म्हणलं वं. अंकितानंच हाव म्हणलं. …थांब, अजून काही हाये. तारखेचं चाललं. बाप म्हणते, तुळशीचं लग्न झालं का पहिलाच मुहूर्त धरू. …पोरगी नाई म्हणते. …अवं लग्नाले नाई, तारखेले. म्हणते, तवा संत्रा तोडणीवर असते, घरातल्या कोणालेच फुरसत नसते. तोडणी झाल्यावर तारीख काढा म्हणते.

…आहो वं, बोलून राह्यली ना. …रडत नाई. पहिले दोघं आले, त्याइले पोरानं वावर सोडलेलं पाहिजे होतं. अन् ही पोरगी लग्नाची तारीख संत्र्याले इचारून काढून राह्यली. …ठेव आता. धनंजय पेट्याकडं हाये, त्याले अजून कोणीच नाई सांगतलं.