अंजोलो मास्तरांचं चेम्बालो

अहो थांबा, थांबा सिन्योर, झाकण उघडू नका! — उघडलंत? वाजवलंतही? — बरं. मग ऐकलंच तुम्ही. छे, वाद्य बिघडलेलं नाही हो, व्हेनिसची दमट हवा, तारा उतरतात... मठात निरोप धाडला होता ना, दुपारनंतर या म्हणून? — काय? चेम्बालो का म्हणतात? बरं विचारलंत, बसा. पूर्ण नाव क्लाविचेम्बालो. लॅटिनमध्ये क्लाविस म्हणजे किल्ली नि किम्बालुम म्हणजे झांज. आता यात झांज कुठाय? नाहीच! पूर्वी म्हणे पेटीवर तारा ताणून काठ्यांनी बडवायचे, त्याला झांजेचं नाव चिकटलं. मग किल्ल्या, म्हणजे या बोटांखालच्या पट्ट्या आल्या, आत कावळ्याची पिसं तारा छेडायला लागली, काठ्या गेल्या — नाव तेवढं राहिलं. बाबा सांगायचे, मांडीवर बसवून. 'ओर्सोला, झांज कानावर आदळते, आपलं चेम्बालो कानाशी बोलतं.' आणि आता तेच —

हसू नका! झांजच वाटली ना? ठाऊक आहे मला. बाबांनीच लावलंय हे, आज सकाळी. ज्यांच्या कानाची लोक शपथ खायचे, त्या अंजोलो मास्तरांनी. — ऐकू येत नाही त्यांना. झालं, बोलून बसले! ते सूर लावतात, मग पुलापलीकडे पेलाभर वाइन घ्यायला जातात, नि तेवढ्यात मी सगळं उतरवून पुन्हा लावते. गिऱ्हाइकाला सांगते, मास्तरांचा हात आहे. लाज वाटते हो. आधी त्यांचीच — चारचौघांत ओरडून बोलतात तेव्हा मी भलतीकडेच बघते — आणि मग स्वतःची, त्याहून जास्त. पोटच्या पोरीला बापाची लाज वाटावी? तुम्ही तुमच्या मठात बोलू नका. काम गेलं तर खचतील ते. कान गेला तो गेला, हात तरी —

दाराकडे काय बघताय? — बाबा! केव्हापासून उभे आहात? — ओठ वाचतात ते, सिन्योर. माझे तर नक्कीच. — बाबा, मी काही नाही हो... हे काय? सूर लावायची किल्ली माझ्या हातात कशाला? पेला घ्यायला निघालात? आत्ता? — काय म्हणालात?

ऐकलंत, सिन्योर? 'तुला वेळ मिळावा म्हणून तर मी रोज लांबचा पूल धरतो.' अख्ख्या कालव्याला ऐकू गेलं. — जाऊ दे. ऐकू दे सगळ्यांना.

तुम्ही या आता. दुपारनंतर या म्हटलं ना? आणि जाताना दार उघडंच ठेवा, बाबा गेलेत त्या बाजूचं.