भिंगरी आणि भोवरा

शकू : आधी पाय धुवा. मग सांगा, शिकारखान्याच्या दारोगासाहेबांच्या अंगरख्यावर किती चिखल उडाला?

गेनबा : किती म्हंजी? पांढरा अंगरखा पांढरा राहिलाच न्हाई. भोवऱ्यानं तळ्यात उडी टाकली, बाहेर आला, आणि सारा शिकारखाना सोडून त्यांच्याच पुढ्यात अंग झाडलं.

शकू : आणि भिंगरी?

गेनबा : तिनं त्यांचा एक जोडा आणून माझ्या हातात दिला. शेपूट हलवत! जसा काय मीच मागवला होता.

शकू : दात लागला का जोड्याला?

गेनबा : एक ओरखडा न्हाई. हसू नकोस, शके. दारोगा म्हणाले, उद्या माळावर शिकार करून दाखवा. न्हाई जमलं तर कुत्री मागंल त्याला देऊन टाकणार. एक इकडं, एक तिकडं. आणि मी हरणांचा गोठा झाडणार.

शकू : देऊन टाकणार? आणि आपलं बाळ? डोळं उघडलं की आधी भिंगरीचे कान शोधतंय ते.

मच्छिंद्र : दाजी, आत येऊ का? का अंगरखा काढून दारात ठेवू?

शकू : या दादा. ससाणा कुठं?

मच्छिंद्र : घरी. डोळ्यांवर टोपी घालून बसलाय. सरकारी पाखरू हाय, तुझ्या ह्या माकडांत कशाला आणू?

गेनबा : माकडंच! संगमावरच्या बंगल्यातला इंग्रज विलायतेला निघाला आणि श्रीमंत पेशव्यांना नजराणा म्हणून ही कारटी देऊन गेला. आपली कुत्री ससा धरतात, लोळवतात. ही झुडपात घुसतात, तितर उडवतात आणि खाली बसतात. भेकड!

शकू : बसून बघतात कुठं?

गेनबा : कुठं बघतील? वर.

शकू : तेच म्हणते. परवा भाकरी घेऊन आले तवा बघितलं मी. पाखरू उडालं की दोघं गप आभाळाकडं बघत बसतात. आमचं झालं, आता तुमची पाळी, अशी.

गेनबा : साहेब उडत्या पाखरावर छर्रे झाडायचा म्हणे. आपल्यात कोण झाडतंय?

शकू : छर्रे नसतील. पण वरनं झडप घालणारं हाय की आपल्यात. काय, दादा?

मच्छिंद्र : माझा ससाणा? त्यानं भोवऱ्यालाच उचललं तर?

शकू : भोवऱ्याला उचलायला चार माणसं लागतील. माझी भाकरी खाऊन वाढलाय तो.

मच्छिंद्र : हं... तसं तितर झुडपातनं हलतच न्हाईत हल्ली. माझं पाखरू वर घिरट्या घालून घालून दमतंय.

शकू : मग?

मच्छिंद्र : मग काय? पहाटे येतो. दाजी, कुत्र्यांना तेवढं सांगा, माझा जोडा माझ्याच पायात राहू द्या.

(दुसऱ्या दिवशी, पर्वतीपलीकडच्या माळावर. दारोगा नुकतेच घोड्यावरून परत गेले आहेत.)

मच्छिंद्र : बघितलंस का, शकू? भिंगरीनं तितर उडवला आणि माझं पाखरू वरनं दगडासारखं कोसळलं! चार तितर, एका सकाळी!

शकू : बाभळीमागनं सगळं बघितलं. पण दारोगासाहेबांचं बोलणं ऐकू आलं न्हाई. काय म्हणाले?

मच्छिंद्र : जोडी मोडायची न्हाई, म्हणाले. गेनबाकडंच राहू द्या.

शकू : दोन्ही?

मच्छिंद्र : दोन्ही. अगं, रडतेस काय? बरं, मी होतो पुढं. ससाण्याला ऊन लागंल.

गेनबा : शके, ही दोघं माझ्या तोंडाकडं का बघतायत? खायला दिलं, पाणी पाजलं.

शकू : शाबासकी पाहिजे त्यांना.

गेनबा : मला न्हाई येत तसलं बोलायला.

शकू : ठाऊक हाय. चार वर्सं झाली लग्नाला.

गेनबा : ...शाबास.

शकू : अवो, कुत्री तिकडं हायेत.

गेनबा : ठाऊक हाय मला.