शेजारच्या खुर्चीतली बबी

नाही, पण मला एक सांगा, केसांच्या बाबतीत माझं मत विचारायचंच कशाला? बघा, बघा हे डोकं! उजेड पडला की समोरचा माणूस डोळे बारीक करतो! आणि तरी महिनाभर घरात एकच विषय... शाळेचा निरोप समारंभ, शेवटचं वर्ष, सगळ्या मुली नटून येणार, तर केस कसे करायचे? "बाबा, अंबाडा की सागरवेणी?" मी म्हणायचो, अंबाडा. "शी! अंबाड्यात मी मुख्याध्यापिका दिसते." बरं बाई, सागरवेणी. "तुम्ही नीट बघतसुद्धा नाही!" मग एकदा कंटाळून म्हटलं, मोकळे सोड की सरळ... आणि तिचा चेहरा असा खर्रकन उतरला, हात गेला उजव्या कानामागे, आणि मला वाटलं, स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी. पण आता बोलून गेलेलो, आणखी काय बोलणार?

कारण तुम्हाला सांगतो, आमची टिंगू... लहानपणी बुटकी होती म्हणून टिंगू, आता माझ्यापेक्षा चार बोटं उंच झालीय, पण नाव चिकटलं ते चिकटलंच... तर टिंगूला मध्यंतरी चाई पडली. कानामागे एवढीशी, शर्टाच्या बटणाएवढी जागा, केस नाहीत, गुळगुळीत. मग वाढत वाढत लिंबाच्या फोडीएवढी झाली. डॉक्टर म्हणाले येतील परत, वेळ द्या. अहो, वेळ द्यायला आम्ही तयार आहोत, पण समारंभ थांबतोय का? पोरगी घरातसुद्धा रुमाल बांधून हिंडायची. हसता हसता हात कानामागे, जेवता जेवता हात कानामागे. आणि समारंभाच्या आदल्या दिवशी जाहीर केलं, "मी जाणार नाही. अंबाडा नको, वेणी नको, काहीच नको."

तर आमची बायको... नर्स आहे ती, रड वगैरे प्रकार तिच्यापुढे चालत नाहीत... ती म्हणाली, "मी बोलून ठेवलंय एका बाईंशी. माझी उद्या दुपारची ड्यूटी आहे, तुम्ही घेऊन जा हिला. आणि तिथं उगाच तोंड उघडू नका." म्हणजे बघा, जायच्या आधीच ताकीद! मी काय बोलणार?

गेलो. शिंप्याचं एक बंद दुकान, त्याच्या बाजूनं लाकडी जिना, वर पार्लर. भर दुपार, पण रस्त्यावर चिटपाखरू नाही. वर एकच खोली. स्वच्छ, अगदी लख्ख. दोन आरसे, दोन खुर्च्या, एक पंखा, आणि त्या बाई. साठीच्या असतील, बारीक चणीच्या, तोंडात दोन पिना धरलेल्या. त्या पिनांमधूनच म्हणाल्या, "या, या, तुमचीच वाट बघत होतो." मी टिंगूला एका खुर्चीत बसवलं, आणि आपला मी, जिना चढून दमलेला माणूस, दुसऱ्या खुर्चीत टेकायला गेलो तर...

"अहो, अहो, अहो! तिथं बबी बसलीय!"

मी तसाच! अर्धा उभा, अर्धा बसलेला, गुडघे वाकलेले, असा! मागे वळून बघतो, खुर्ची रिकामी. आणि तुम्हाला खरं सांगतो, तोंडून काय निघावं माझ्या? "सॉरी" निघालं! रिकाम्या खुर्चीला सॉरी म्हणून मी कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसलो. टिंगूनं आरशातून माझ्याकडे बघितलं, मी टिंगूकडे बघितलं. माझा धंदा काय? चष्म्याचं दुकान! लोकांच्या नजरा तपासून केस पांढरे झाले... म्हणजे झाले असते. आणि मला त्या खुर्चीत काही म्हणता काही दिसेना!

आणि बाईंनी काम सुरू केलं. दोन्हीकडे! इकडे टिंगूचा रुमाल सोडला, केस विंचरले, मग तीन पावलं तिकडे, रिकाम्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या, आणि हवेत कंगवा... वरून खाली, वरून खाली, मध्येच अडकला की दुसऱ्या हातानं बट धरून हळूच गुंता सोडवताहेत. "हलू नको गं बबे. झालं, झालं. आता खेचणार नाही." पंख्याचा आवाज, आणि बाईंचं ते हळू आवाजातलं बोलणं. मी म्हटलं, उठावं, पोरीचा हात धरावा आणि निघावं. पण तोंड उघडायचं नाही असा हुकूम! मी काय बोलणार?

मग बाईंना टिंगूची ती जागा दिसली. टिंगूचा हात लगेच वर. बाईंनी तो हात अलगद खाली ठेवला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "आमच्या बबीचे तर सगळेच गेले होते. आजारपण मोठं. तुझ्याच शाळेत होती, शेवटच्या वर्षाला. मी म्हटलं, छान रुमाल बांधते, चल समारंभाला. नाही म्हणाली, लोक बघतील. मीही म्हटलं, राहू दे, बरी झालीस की पुढच्या वर्षी जाऊ पाहुण्यांसारखं." एक पिन दातानं उघडली. "पुढचं वर्ष काही तिला मिळालं नाही. म्हणून मग आता दरवर्षी जाते. केसही आलेत परत. बघ ना, किती दाट."

 

मला वाटलं, आता टिंगू रडणार, किंवा किंचाळणार, किंवा निदान माझ्याकडे पळत येणार. तर पोरगी मान वळवते, त्या रिकाम्या खुर्चीकडे बराच वेळ बघते, आणि विचारते काय? "मावशी, मी झाकू का ही जागा? तिला काय वाटतं?"

बाई वाकल्या. खुर्चीच्या पाठीजवळ कान नेला. हं... हं... म्हणत राहिल्या. आणि म्हणाल्या, "बबी म्हणते, झाकू नको. झाकलं की सारखा हात जातो तिकडे, आणि हात गेला की सगळ्यांना कळतं. त्या बाजूनं बारीक पेड घालून मागे न्यायचे आणि ती जागा तशीच ठेवायची. भांगासारखी."

अहो, महिनाभर घरात चर्चा! मी, तिची आई, मावशी, आत्या, शेजारीण... एकालाही हे सुचलं नव्हतं!

आणि मग सुरू झालं. बाई इकडे पेड घालतात, तिकडे घालतात. इकडे पिन, तिकडे पिन. तिकडे हवेत पिन खोचतात, हात काढून घेतात... आणि आता नीट ऐका... पिन खाली पडत नाही. आवाजच नाही! आता माझं काय आहे, चष्म्याचे ते इवलेसे स्क्रू जमिनीवरून शोधण्यात माझा जन्म गेलाय. मला राहवलं नाही. बूट बांधायचं निमित्त केलं, गुडघ्यावर आलो, आणि त्या खुर्चीखाली बघितलं. फरशी आरशासारखी. एक पिन नाही! वीसेक पिना मी स्वतःच्या डोळ्यांनी हवेत जाताना बघितल्यात, आणि खाली एक नाही! मी हळूच वर बघितलं तर टिंगू म्हणते, "बाबा, उठा ना. तिच्या पायाशी काय बसताय?"

आणि वर रुसली! "मावशी, तिचे केस जास्त छान झालेत!" बाई हसल्या, "तिचे दाट आहेत ना, म्हणून तुला तसं वाटतं." आता मी काय बोलणार? कुणाचे जास्त छान झालेत म्हणून निवाडा देऊ?

संपलं वाटलं ना तुम्हाला? मलाही वाटलं. जिन्याच्या तोंडाशी बाई म्हणतात, "गाडी आहे ना तुमची? मग दोघींना सोडा शाळेत. आणि परत आणून द्या हं, अंधार पडायच्या आत. ती घाबरते." काय सांगू, त्या बाईंच्या डोळ्यांत असं काही होतं की मी आपला हो म्हणून मोकळा. खाली आलो. टिंगू एका बाजूनं मागे बसली. दुसऱ्या बाजूचं दार मी उघडलं. धरून उभा. किती वेळ धरायचं, कळेना! टिंगू म्हणाली, "बसली. पट्टा लावा तिचा, तो अडकतो." मी वाकलो, पट्टा ओढला, खटकन लावला. आणि माझा हात तिथंच थांबला. कारण पट्टा सीटवर सपाट पडला नाही हो. सीटच्या वर वीतभर, तिरका, ताणून बसला. कुणाच्या तरी अंगावरून गेल्यासारखा.

मी दार लावलं. अगदी हळू लावलं. गाडी अशी चालवली, अशी चालवली, की सायकलवाले मला मागे टाकून जात होते. मागून टिंगूच्या गप्पा चालू. मध्येच थांबायची, ऐकायची, खुदकन हसायची. आरशात मागे एकच डोकं दिसत होतं. पण तुम्हाला सांगतो, तेवढ्या वेळात त्या डोक्याकडे एकदाही हात गेला नाही.

शाळेच्या फाटकात वॉचमन. एका मुलीपुरतं अर्धं फाटक उघडं होतं. टिंगू उतरली, मी दुसरं दार उघडलं, तर त्यानं आपणहून दुसरी फळीही उघडली. "दोघी ना? या, या." मी त्याला बाजूला घेतलं, म्हटलं, "अहो, तुम्हाला दिसते?" तो म्हणाला, "साहेब, माझं काम येणाऱ्याला आत सोडायचं." आणि गेला निघून! मी काय बोलणार?

दिवेलागणीला न्यायला गेलो. मुली घोळक्यानं बाहेर येत होत्या, टिंगू आली, घामाघूम, पेड सैल झालेले, ती जागा लख्ख उघडी, आणि हात? दोन्ही हात हवेत, कुणाला तरी नाचाची पावलं करून दाखवत होती! गाडीत बसली. मी किल्ली फिरवली. "बाबा, थांबा!" काय झालं? "ती अजून मैत्रिणींशी बोलतेय." थांबलो. मैदान रिकामं झालं, दिवे एकेक विझायला लागले, फाटकाशी मी आणि टिंगू दोघंच. आणि ते मागचं दार... मी नाही उघडलं हो... ते उघडलं, लागलं, आणि पट्टा खटकन बसला.

अहो, मी तोंडातल्या तोंडात जे काही आठवेल ते म्हणत, पार्लरपर्यंत मागे वळूनसुद्धा बघितलं नाही! बाई जिन्यात दिवा लावून उभ्या. टिंगू वर पोचवायला गेली, मी खालीच. आणि वरून आवाज यायला लागला. स्टीलच्या वाटीत पिन पडल्याचा. टिंग... मग जरा थांबून टिंग... टिंगूच्या पिना तर तिच्या डोक्यात होत्या, खाली आली तेव्हा सगळ्या जागच्या जागी! आम्ही गाडीत बसलो, तरी वर वाजतंच होतं... टिंग...

घरी आलो. बायको ड्यूटीवरून आलेली, ताटं मांडलेली. मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून, श्वास न घेता. म्हटलं, नर्स आहे, आता माझी नाडी बघेल, ताप बघेल, निदान पाणी तरी देईल. ती शांतपणे वाढत होती. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग जेवली का ती?"

"कोण?"

"कोण काय कोण! बबी!"

"अगं, मी तिला... तिच्या घरी सोडलं ना."

"दुपारपासून बाहेर असलेलं पोर, एवढी नाचून दमलेली, आणि तुम्ही उपाशी सोडून आलात? आपल्याच दारावरून गाडी नेलीत ना? वर बोलावता आलं नाही?"

टिंगू ताटावरून म्हणते, "मी म्हणत होते गं, पण बाबांनी घाईच केली." आणि दोघी माझ्याकडे अशा बघायला लागल्या... आता तुम्हीच सांगा, मी काय बोलणार? म्हटलं, चुकलं बाई माझं. पुढच्या वेळी जेवायलाच घेऊन येतो.